काकांच्या ओठांवर माझी वाक्यं

२०१७मधला एक रविवार. वाणगावला वसंतकाकांच्या घरी गेले होते. काका म्हणजे माझे गुरू... तलासरी, उधवा, डहाणू, कुठेही स्टेज लागलं की खलनायक हेच. दुसऱ्या दिवशी बाजारात मासळीवाल्या बायका त्यांच्याकडे रागाने बघायच्या, इतकं काम चोख.

पुढे काका मुंबईला डबिंग करायला लागले. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत. पडद्यावरच्या माणसाच्या ओठांत बसेल असं वाक्य कसं बोलायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. आज माझं पोट त्यावरच चालतं.

मग काकांना घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं... ओठ हलायचे, आवाज नाही. लिहून दाखवायचा त्यांना भारी कंटाळा. म्हणून मी दर रविवारी जायचे, शेजारी बसायचे आणि ओठ बघून त्यांचं बोलणं त्यांच्याच आवाजात येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवायचे. आगाऊपणाच तो, पण काकूंना बरं वाटायचं.

त्या दिवशी तलासरीच्या नाटक मंडळातले दोघे आले. "वसंतदादा, नवीन नाटक बसवलंय. पहिल्या प्रयोगाला तुम्ही पायजेच." काकांचे ओठ हलले. मी लगेच त्यांच्याच खर्जात ठोकून दिलं, "येतो की. पहिल्या रांगेत बसून तुमच्या चुका काढतो." सगळे हसले. काकूसुद्धा, कितीतरी दिवसांनी.

काकांनी खाटेवर जोरात हात आपटला. वही ओढली आणि लिहिलं, 'हे मी बोललो नाही.'

माझा चेहराच पडला... म्हटलं, "काका, परत सांगा ना." ते सावकाश बोलले. या वेळी मी नुसते ओठ वाचले आणि माझ्या साध्या आवाजात सांगितलं, "मला आता नाटक बघवणार नाही. नका बोलावू."

त्या दोघांतले थोरले उठून काकांच्या शेजारी बसले, हात हातात घेतला. आणि काका रडले. आजारपणात पहिल्यांदाच, असं काकू नंतर म्हणाल्या.

पुढच्या वर्षी काका गेले. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पण त्या रविवारच्या आधीचे सगळे रविवार आठवले की जीव कासावीस होतो... 'बरा आहे', 'पोटभर जेवलो', 'काळजी करू नका'... सगळं कसं ओठांत चपखल बसवलं होतं मी. त्यातलं काका खरंच काय बोलले होते, हे आता कोणाला विचारू?