होडीतलं फुकटचं वजन

सून ब्याऐंशी किलोची आहे. मासळी मोजायच्या काट्यावर ती उभी राहिली तेव्हा आकडा सगळ्या बायकांनी वाचला. मी पंचावन्न किलो. खाडीत बायकांच्या होड्यांची शर्यत ठरली होती. आमच्या होडीत चौघी वल्हवणार आणि मागे सुकाणूवर मी, असं ठरलं. मी तोंडावर सांगितलं, "हिला काढा. हिच्या वजनानं होडी जागची हलायची नाय."

 सुनेनं बर्फाची पेटी उचलली आणि ती निघून गेली. तिला त्या होडीत बसायचंच होतं, हे मला माहीत होतं. तिचं माहेर एडवण, आणि समोर एडवणचीच होडी उतरणार होती.

माझ्या दिराचा जन्म दर्यात गेला. तो म्हणाला, "वहिनी, तोंडानं कशाला ठरवता? पाणी सांगंल."

भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं तेव्हा जेटीपासून तिवरांच्या टोकापर्यंत होडी दोनदा नेली. वेळ दिराच्या मोबाईलवर. आधी सून बसली. मग तिच्या जागी माझी पुतणी, नुसती काडी. पुतणीच्या फेरीला अकरा सेकंद जास्त लागले!

"वारा फिरला," मी म्हणाले.

"वारा हाय तिथंच हाय. सुनेनं वल्हं ओढलं की होडी उडी घेते. ही पोर पाण्याला गुदगुल्या करते."

मग दिरानं समजावलं. जड माणूस बसलं की होडी खाली दबते, पाणी जास्त अडवतं, हे खरं. पण त्या माणसानं सगळा भार वल्ह्यावर टाकला, तर ते स्वतःला ओढून शिवाय होडीलाही ओढतं. "नुसतं बसून राहतं ते वजन वाईट. तसलं काय काय हाय होडीत, ते काढा बाहेर."

मी हौसेनं लागले. नांगर काढला. पाण्याचा कॅन काढला. ओला दोर, जादा फळी काढली, तळाचं पाणी उपसलं. "झालं," मी म्हणाले.

 सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. दीर खाडीकडे तोंड करून हसत होता.

"अगं, मी सुकाणू धरते!"

"मागची बाई वल्ह्यानं वळवंल," सून म्हणाली. "उतरा, आई."

उतरले. गुडघाभर पाण्यात. सुनेला मधे बसवून चौघी गेल्या, आणि जी वेळ आली ती मी पुतणीकडून दोनदा वाचून घेतली. सुनेच्या पहिल्या फेरीपेक्षाही आठ सेकंद कमी! राग आला होता, पण त्याच्यावर आनंद चढला. "आता जिंकतो!" मीच ओरडले.

शर्यतीच्या दिवशी लुगडं खोचून मी काठानं पळत होते. तिसरी होडी केळव्याची, ती वळणावरच मागे पडली. एडवणची मात्र पुढे. काठावरून सुनेचा भाऊ ओरडला, "आक्का, तळ लागला का काय होडीला?"

 सुनेची पाठ मागे झुकायची आणि होडी पुढे सुटायची. शेवटच्या पन्नास हातांवर एडवणच्या पोरींचे दंड गळले. आमची नाळ, होडीचं पुढचं टोक, त्यांच्या नाळेशी आली, मग पुढे! मी काय काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. अर्ध्या होडीनं जिंकलो.

जेटीवर चढून सुनेनं आधी भावाला गाठलं. "आता सांग, कुणाच्या होडीला तळ लागला?" मग माझ्याकडे वळली. "आई, पुढच्या साली बसायचं असंल तर वल्हं घ्या हातात."

माफी मागणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत जाऊन बसले आणि दोन्ही वल्ही उचलली. दहा हात गेले नाहीत तोच होडी गोल फिरली.

"डावा हात कमी पडतोय, आई! डावा ओढा, डावा!" सून जेटीवरून ओरडली.

ओढला.