पडक्या गावातलं गवत

लातूरच्या कॉलेजात बॉटनी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पण जुनी मंडळी जमली की माझ्याकडून एकाच प्रोजेक्टचे किस्से निघतात. चांगली चाललेली गोष्ट मधेच बंद पडली की तिचेच जास्त किस्से होतात, असं मला आता वाटायला लागलंय.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. पडलेली गावं तशीच टाकून लोक नव्या गावठाणात राहायला गेले होते. कॉम्प्युटरचे जाधव सर आणि मी, आम्ही एक खूळ काढलं. त्यांची आणि माझी बीएस्सीची पोरं एकत्र करायची, अशाच एका गावात काय उगवतंय ते दोरीच्या चौकोनात मोजायचं आणि त्याचा कॉम्प्युटरवर नकाशा करायचा.

कॉम्प्युटर लॅबला तेव्हा देवघराचा मान होता. एसी, गालिचा, चपला बाहेर. पहिल्याच दिवशी आम्ही गावातून परत आलो ते कपड्यांना कुसळं घेऊन. ती गालिच्यात रुतली आणि पुढे वर्षभर जाधव सरांच्या मोज्यांत निघत राहिली. सर चिडले नाहीत कधी. एकेक कुसळ माझ्या टेबलावर आणून ठेवायचे आणि विचारायचे, "मॅडम, हे तुमच्या डिपार्टमेंटचं ना?"

बॉटनीच्या वैभवनं एकदा गाजरगवताच्या आकड्याच्या जागी नुसतं 'लई' लिहून आणलं. नांदेडचा इमरान, बॉटनी आणि कॉम्प्युटर दोन्ही विषय घेतलेला, प्रोग्रॅम लिहायचा. तो म्हणाला, कॉम्प्युटरला लई कळत नसतं, आकडा दे. वैभव म्हणाला, मग तूच ये मोजायला. इमरान गेला. उन्हानं लाल होऊन परतला आणि प्रोग्रॅम बदलत बसला. त्यानंतर मोजण्यापलीकडचं गवत आलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'लई' उमटायचं.

तोच वैभव मेडिकलची परीक्षा पुन्हा देत होता. क्लासची नवी बॅच सकाळची, आमच्या मोजणीच्याच वेळेला निघाली आणि त्याचे वडील बिलोलीहून एसटीनं मला भेटायला आले. मास्तर माणूस, फार अदबीनं बोलले. पोराला गवताची आवड आहे हे त्यांना माहीत होतं. "पण झाडं कुठं पळून चालली न्हाईत, मॅडम," ते म्हणाले. "नंबर जातो."

नंबर लागला नाही. दुसऱ्या वर्षी वैभव माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. "मोजणी चालू हाय का, मॅडम?" मोजणी बंद झाली होती. सकाळची सगळी पोरं क्लासला, गावात न्यायला माणूस मिळेना. मी त्याला बस म्हणाले. तो बसला नाही.

इमरान मला मागे नांदेडच्या बसस्टँडवर भेटला. छान शर्ट, हातात गाडीची किल्ली. मोठ्या क्लासमध्ये शिकवतो. काय शिकवतोस विचारलं तर हसला. "इकॉलॉजीच, मॅडम. एका लेक्चरात संपवतो. जास्त येत नाही पेपरला." मग त्यानं माझी पिशवी उचलून बसमध्ये ठेवून दिली आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

आणि एक सुनीताचा. ती आमच्याच पोरांतली, आणि त्याच पडलेल्या गावची. भूकंपात तिची आई गेली होती. शेवटच्या प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक आले होते आणि ती त्यांना नकाशा समजावून सांगत होती. तिला न्यायला आलेले वडील दारात थांबले होते. परीक्षकांनीच त्यांना आत बोलावलं. पडद्यावरच्या रंगीत चौकोनांकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, यात आपलं घर कुठं हाय?

सुनीतानं एका चौकोनावर बोट ठेवलं. "हे. आता तरवड आलाय तिथं."

"फुललाय का?"

आमच्या नकाशात फुलांची नोंद नव्हती.

"बघितलं न्हाई, बाबा."

"मग चल," ते म्हणाले.

परीक्षकांचे प्रश्न अजून राहिले होते. सुनीतानं दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि दोघं गेले.