मामांनी सोडलेली इंजेक्शनं

माझ्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट शेवटाला नेली नाही, आणि याचा त्यांना कमालीचा अभिमान होता. अकोल्याच्या कोर्टात ते वकिली करायचे आणि मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहायचे. सिनेमाला गेले की मध्यंतरातच चपला शोधू लागायचे. "आता त्याईचं लग्न होईन, त्यात पाहाचं काय?" दाढी करताना अशिलाचा आवाज आला की तसेच बाहेर यायचे आणि एका गालावर साबण वाळत असताना वावराच्या वाटणीवर मत द्यायचे. एकदा आमच्याकडे अमरावतीला यायला निघाले आणि मूर्तिजापूरलाच उतरून परत गेले. गाडीत कुणीतरी आमची सगळी खुशाली सांगितली होती, मग पुढे यायचं कशाला? अर्धा प्यालेला चहा, उघडं राहिलेलं कपाट, विहिरीवर विसरलेला टॉवेल, हे सगळं मामी मागून आवरत जायच्या आणि हसायच्या.

मग मामांना खोकला लागला. संध्याकाळचा ताप येऊ लागला, कोट खांद्यावरून लोंबू लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून क्षय सांगितला. त्या काळी क्षयाची इंजेक्शनं नवीनच निघाली होती. तोवर या रोगाचं नाव निघालं की घरचे लोक आधीच रडून घ्यायचे. मामांना मात्र गुण आला. ताप गेला, ते भाकरी मागून खाऊ लागले, कोर्टात आवाज चढवू लागले आणि इंजेक्शनं बंद झाली. त्यांसोबतच्या मोठाल्या गोळ्यांनी पित्त होतं, हे निमित्त होतंच. डॉक्टर स्वतः घरी येऊन गेले. "वकीलसाहेब, वर्षभर तरी घ्यावं लागतं," ते म्हणाले.

"मी बरा झालो, आता औषध कोनाले देता?" मामा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. डॉक्टर तेवढे हसले नाहीत.

थंडीत खोकला परतला. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा गुण, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मात्र दंड सुजले, ताप काही हलला नाही. डॉक्टरांनी बेडका नागपूरला तपासायला पाठवला आणि मग सांगितलं की औषध अर्ध्यावर सोडल्यामुळे मामांच्या छातीतले जंतू त्याला सरावले आहेत, आता त्याने मरत नाहीत. याहून जोरदार औषध त्यांच्याजवळ नव्हतं.

"म्हंजे आता ते मले वळखतात म्हना," मामा म्हणाले.

त्यानंतर मामी खोकू लागल्या. मामा घाबरले, पण त्यांना धीर देत राहिले. "तुले तं हे औषध नवं आहे. तुले लागू पडनच." मामींनी एकही इंजेक्शन चुकवलं नाही. कडू गोळ्या तोंड वाकडं न करता गिळल्या. तरी त्या झिजतच गेल्या. शेवटी मामांनी डॉक्टरांना पडवीत गाठलं. मी तिथेच होतो.

"तिनं तं सारं वेळेवर घेतलं. मंग कावून?"

डॉक्टर म्हणाले, "त्यांना लागण तुमच्यापासून झाली. जंतू सरावलेलेच आले."

मामा युक्तिवादाला उभे राहतील असं मला वाटलं. ते भिंतीला हात लावून खाली बसले.

मामी उन्हाळ्यात गेल्या. मामा त्या रोगासह आणखी काही वर्षं जगले. कोर्ट सोडलं, बाहेरच्या खोलीत एकटे राहू लागले. ताट उंबऱ्यावर ठेवून घ्यायचे, कुणालाही आत येऊ द्यायचे नाहीत. मी अमरावतीहून गेलो की मला अंगणात खुर्ची मिळायची आणि ते तोंडावर रुमाल धरून खिडकीतून बोलायचे. गप्पा रंगल्या की पूर्वीसारखं काहीतरी बोलून जायचे आणि हसू आलं की खोकला येईल म्हणून तोंड फिरवायचे.

असंच एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "शेवटच्या दिवशीबी तिनं मले विचारलं, तुमी जेवले काय म्हून. एकडाव तरी रागावली असती ना, तं मले बरं झालं असतं."

मी खुर्ची थोडी पुढे ओढली. त्यांनी हातानेच मला मागे सरकायला सांगितलं.