सहा शेळ्यांची एक पिशवी

मंगळवार, सकाळ. जनावरांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत हजर: मी आणि सहा शेळ्यांच्या लेंड्या तपासायला घेऊन आलेल्या शांतामावशी.

सूक्ष्मदर्शकाखाली जंताचं अंडं दिसलं. पातळ कवचात अळी वळायची, कवचाला टेकायची, पुन्हा वळायची. दार नसलेल्या खोलीत माणूसही असाच फिरत असेल.

"गाभण चंद्रीच्या पोटातलं नाही ना हो?" मावशींनी विचारलं.

"कसं सांगू? सगळ्यांच्या लेंड्या एकाच पिशवीत आणल्यात तुम्ही."

"मग? राहतात एकाच गोठ्यात की!"

मला हसू आलं, पण मावशींचे डोळे भरले होते. चंद्रीला उगाच औषध दिलं तर पोटातल्या पिलाला धोका, आणि जंत असताना नाही दिलं तर चंद्रीलाच. काचेखाली अळी अजून वळत होती.

सहा वेगळे नमुने घ्यायचे राहिलेत, चंद्रीचा आधी.