धुलाईतून निघालेला फोन

माझ्या सासूबाईंचा जगात कुणावरही विश्वास नाही. दाराला कुलूप लावलं की त्या तीनदा ओढून बघतात, मग मला ओढायला लावतात, आणि शेवटी पुन्हा स्वतः ओढतात, कारण मी मुद्दाम हळू ओढलं असणार. दूधवाला दुधात पाणी घालतो असं सगळेच म्हणतात. यांचं म्हणणं, तो पाणीही चांगलं घालत नाही. लग्न होऊन मला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी साखर चोरली, निरोप दडवले, माहेरी चहाड्या केल्या आणि त्यांचा चष्मा लपवला, असं त्यांचं ठाम मत आहे. मी यातलं काहीही केलेलं नाही. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

पण याच स्वभावावर त्यांनी नोकरीत नाव कमावलं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आम्ही दोघीही कामाला. मी ढकलगाडी ओढते आणि दुपारनंतर इस्त्रीला उभी राहते. आई, म्हणजे सासूबाई, टेबलावर. डॉक्टरांचे पांढरे कोट मशीनमध्ये जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जातात आणि त्या खिसे तपासतात. खिशात हात घालायचा नाही, कारण आत सुई असली तर टोचेल. बाहेरूनच कापड बोटांनी दाबत शिवणीपासून शिवणीपर्यंत जायचं. पेन, थर्मामीटर, चघळून कागदात गुंडाळलेलं च्युइंगगम, एकदा तर कुणाची तरी कवळी. तेवीस वर्षांत त्यांच्या बोटांतून काही सुटलं नाही. खात्यात त्यांना झडतीबाई म्हणतात. त्यांना ते आवडतं, फक्त तसं दाखवत नाहीत.

त्या गुरुवारी मशीन सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील, आतून टक टक आवाज यायला लागला. मशीनवाल्या काकांनी धावत जाऊन मशीन थांबवलं, पाणी काढून टाकलं आणि एका कोटाच्या खिशातून फोन काढला. छोटासा, बटणांचा, तातडीच्या वॉर्डाचा. ड्यूटीवरचा डॉक्टर तो खिशात ठेवतो आणि पाळी संपली की दुसऱ्याच्या हातात देतो. या वेळी द्यायला विसरला होता. फोनमधून साबणाचं पाणी गळत होतं.

"मी तो कोट तपासला होता," आई म्हणाल्या. "खिसा रिकामा होता. मागाहून कुणीतरी घातलाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. टेबलापासून मशीनपर्यंत कोट नेते मीच. आणि आई टेबलावरून उठल्या तर तिथे बसणार तीही मीच, हे खात्यात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चारचौघांत सासूला काय बोलणार?

सुपरवायझर साहेब म्हणाले, "शनिवारी सकाळपर्यंत फोन चालू झाला, तर विषय संपला. नाही झाला, तर मला वर लिहून कळवावं लागेल, आणि मावशी, तुम्हाला टेबल सोडावं लागेल."

इथून पुढे सल्ल्यांचा पाऊस. काका म्हणाले, कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये पाच मिनिटं फिरवू. इस्त्रीवाली म्हणाली, इस्त्रीजवळ धरू. साहेब स्वतः म्हणाले, एकदा बटण दाबून तर बघू.

"बटणाला कुणी हात लावायचा नाही!" आई अशा ओरडल्या की साहेबांनी हात मागे घेतला. "आत पाणी असताना वीज सोडलीत तर जळेल तो. जळाला की नाव माझं, नाही का?"

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या हातून सुटून भिजलेले फोन त्यांनी बरेच बघितले होते. त्यांनी नखाने मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, सिमकार्ड काढलं, प्रत्येक तुकडा सुती कापडाने टिपला. पुसला नाही, टिपला, कारण पुसलं की पाणी आणखी आत सरकतं. मग सगळं रुमालात बांधून घरी आणलं. खात्यात ठेवला असता तर कुणीतरी बटण दाबलंच असतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. इथे मात्र माझंही मत तेच होतं.

घरी त्यांनी पंख्यासमोर स्टुलावर कापड अंथरून फोनचे तुकडे मांडले आणि शेजारी खुर्ची टाकून बसल्या. शेजारीण डबाभर तांदूळ घेऊन आली.

"यात पुरून ठेवा, आजी. पाणी शोषून घेतात."

"आणि तांदळाची भुकटी आत गेली म्हणजे ती काढायला तू येणार?"

शेजारीण डबा घेऊन परत गेली. आमचे हे दोनदा आले, नुसतं बॅटरी लावून बघतो म्हणाले. पोटच्या पोराला आईंनी दारातूनच हाकललं. उन्हात ठेवा म्हणणाऱ्यालाही ऐकून घ्यावं लागलं. मला तर त्या खोलीत यायलाच बंदी. मी पंखा बंद करीन अशी त्यांना भीती. जेवणाचं ताट मी उंबऱ्यावरून सरकवत होते. खरं सांगते, मनातून मला वाटत होतं की न होऊ दे चालू, अद्दल घडेल.

शुक्रवारी आईंनी रजा टाकली होती. कामावरून आल्यावर मी उंबऱ्यातून डोकावले. आई बॅटरीच्या खाचेत बोट फिरवत होत्या.

"कोरडा ठणठणीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी बॅटरी उचलली.

खिडकीतून आलेल्या उजेडात मला त्या खाचेच्या कडेला पाणी चमकताना दिसलं. मी धावत गेले आणि त्यांचा हात धरला.

"थांबा, आई! ओला आहे अजून."

"वाटलंच मला. तुला तो चालू व्हायलाच नकोय."

मी त्यांचंच बोट उजेडात धरलं. बोटाच्या टोकावर पाण्याचा थेंब होता. त्यांनी तो बघितला. अंगठ्याने चोळला, पुन्हा बघितला. मग बॅटरी खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "पंख्याचा वेग वाढव." तोच पंखा, ज्याला हात लावायची मला बंदी होती.

त्या जेवल्या नाहीत. ओलं बोट ज्यांना कळत नाही, त्यांना कापडाआडचा फोन काय कळणार, हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि त्यांच्याही. अद्दल घडावी असं मला वाटलं होतं, त्याची फार लाज वाटली.

शनिवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर आईंनी बॅटरी बसवली, सिमकार्ड बसवलं आणि बटण दाबायला मला सांगितलं. फोन चालू झाला. काकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "मावशी, टेबल तुमचंच." आई हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकेका कोटाला तिप्पट वेळ घेतला आणि प्रत्येक खिसा उलटा करून डोळ्यांनी बघितला. कोटांचा ढीग छातीपर्यंत आला.

घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं, डोळे मिटले आणि हात पुढे केला.

"काहीतरी ठेव यात."

मी शिवणाच्या डब्यातलं कोटाचं एक मोठं बटण त्यांच्या बोटांवर ठेवलं. त्यांनी ते चाचपलं, फिरवलं, दाबलं. कपाळावर घाम आला.

"किल्ली," त्या म्हणाल्या.

"बरोबर," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले आणि हातातल्या बटणाकडे बघत राहिल्या.

"खोटं बोललीस," त्या म्हणाल्या.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्याशी खोटं बोलले होते, आणि पहिल्याच वेळी पकडले गेले. आता आरडाओरडा होणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी बटण माझ्या हातात दिलं आणि माझी मूठ मिटली.

"तो फोन तू नव्हता घातलास," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी साहेबांना सांगते. टेबलावर तू बस."

मला रडू आवरेना. त्यांच्या बोटांना काय झालंय ते आधी दाखवून घेऊ, मग टेबलाचं बघू, आपल्याच हॉस्पिटलात लगेच दाखवता येईल, असं मी कसंबसं म्हणाले.

"तिथे नको," आई म्हणाल्या. "फोन भिजवला म्हणून मुद्दाम कडू औषध देतील."

मी हसत हसत रडत होते आणि त्या माझ्याकडे संशयाने बघत होत्या.