लाभ म्हटल्याशिवाय गाडी हलेना

सेलूच्या कापूस खरेदी केंद्रावर मी बाबू असताना आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक भुईकाटा आला. भरलेली बैलगाडी त्याच्या लोखंडी पाटावर उभी केली की खोलीतल्या डब्यावर लाल आकडे उमटत. गाडी रिकामी करून पुन्हा चढवली की काम संपलं. त्याआधी आमच्याकडे बल्ल्यांवर टांगलेला तराजू होता आणि कापूस गाठोड्यागाठोड्यानं जोखला जाई. जोखणारा मापाडी पिकल्या मिशांचा. सगळं केंद्र त्याला मामा म्हणे. आता त्याची गरज नाही, हे त्याला सांगायचं काम वरच्यांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. सकाळपासून मी त्याच्याजवळ जात होतो, थंडीचं काहीतरी बोलत होतो आणि परत येत होतो.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदनं रस्ते अडले होते. ते एकदम मोकळे झाले आणि गाड्यांची रांग रेल्वे फाटकापर्यंत गेली. पहिली गाडी जिंतूरकडच्या एका शेतकऱ्याची. लग्नघरच्या यजमानासारखे हात पसरून मी म्हणालो, "या, चढवा."

तो जागचा हलला नाही. "लाभ कोण म्हणायलंय?"

झाली पंचाईत. आमच्याकडे मापाडी पहिल्या वजनाला 'एक' कधी म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. तसं न म्हणता माल जोखला तर घरातली बरकत जाते. काटा बसवणाऱ्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

"अहो, हा लाईटीचा काटा आहे. चुकत नाही."

"चुकतो कोण म्हणतंय, बाबूसाहेब? पण मुक्यानं माल घ्यायलाव तुमी. मयताचं सामान नेल्यावानी."

मागून कोणी ओरडलं, "गाडी का चढंना रं?"

"काटा मुका हाय म्हणं."

बैल पाय आपटू लागले, माणसं खाली उतरली. परभणीहून साहेबांची जीप निघालेली. मला एका जागी उभं राहवेना. शेवटी मी खुर्चीवर चढलो, छातीत हवा भरली आणि गणेशोत्सवातल्या नाटकाचा सगळा अनुभव पणाला लावून 'लाभ' पुकारला. बैल बुजून मागं सरकला.

"बाबूसाहेब, जनावराला तरी भेवडू नका," शेतकरी म्हणाला, आणि रांग हसून लोळली.

मी लिंबाखाली गेलो. मामा तराजूच्या दोऱ्या गुंडाळत होता. म्हणजे त्याला न सांगताच कळलं होतं.

"मामा, चला. लाभ म्हणायचाय."

"अन् दोन कुठाय? तीन कुठाय? एकदाच वरडून घरी जाऊ व्हय?"

"दर गाडीला म्हणा. ज्याला त्याला आपली गाडी पहिलीच की."

त्यानं दोरीला शेवटची गाठ मारली. मग धोतर झटकून उठला, कानावर हात ठेवला आणि असा सूर लावला की गाडी आपसूक पाटावर चढली. रांग सरकू लागली.

तेवढ्यात साहेब आले. "हा कशाला ओरडतोय? याला कमी केलंय ना?"

"सर, याच्याशिवाय काटा चालत नाही."

साहेबांनी मामाला गप्प केलं आणि पुढच्या गाडीवाल्याला बोटानं खुणावलं. त्यानं शांतपणे कासरा खाली ठेवला आणि तंबाखू मळायला घेतली. चुना लावला, मळली, झटकली, शेजाऱ्याला चिमूट दिली. साहेब घड्याळ बघत होते. मी आभाळाकडे बघत होतो, कारण हसू दाबायला दुसरी जागा नव्हती.

"हंगामापुरता राहू दे," साहेब अखेर म्हणाले.

जीप गेल्यावर मामानं विचारलं, "काय म्हणले?"

"हंगामापुरते राहा म्हणाले."

"म्हंजी कापूस सरंस्तोवर?"

"हो."

त्यानं फाटकापर्यंतची रांग नजरेनं चाचपली. मग पुढच्या गाडीला 'लाभ' इतका लांबवला, इतका लांबवला, की गाडीवाला म्हणाला, "मामा, आवरा की, आमाला सोनपेठला जायचंय."

मामानं मधेच दम घेतला आणि उरलेला सूर पुन्हा उचलला.