एक आणि एक

प्रकाशलहरींचं व्यतिकरण शिकवताना मी दरवर्षी एकच प्रश्न टाकते, आणि उत्तर चुकलं की दरवर्षी माझं डोकं फिरतं. पाथर्डीच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात त्या सकाळी बारावीला विचारलं, "एक आणि एक किती?" लहरी कशा भेटतात त्यावर आहे, हे उत्तर मला हवं होतं. उंचवट्याला उंचवटा मिळाला तर प्रकाश वाढतो, उंचवट्याला खोलगा मिळाला तर चक्क अंधार.

दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "एक."

"ते कसं काय, बाईसाहेब?" मी खवचटपणे विचारलं.

"नवरा-बायको मिळून एक कोयता, मॅडम."

वर्ग खो खो हसला. ऊसतोडीला जोडीनं जातात आणि त्या जोडीला कोयता म्हणतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती मात्र हसत नव्हती. तासानंतर थांबवलं तेव्हा म्हणाली, "आईच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय. दिवाळीनंतर तिच्या जागी वडलांसंगं मलाच जायचंय. परीक्षेपुरती येईन." उसाच्या फडात बारावीचा अभ्यास! मला भरून आलं, आणि ते लपवायला मी तिच्यावरच ओरडले, "उद्या वडिलांना घेऊन ये!"

वडील आले. ते दारात चपला काढताना दिसले आणि रात्रभर जुळवलेलं भाषण मी विसरूनच गेले. शेवटी पोरीलाच म्हटलं, तो प्रकाशाचा प्रयोग दाखव त्यांना.

तिनं काचेवर मेणबत्तीची काजळी धरली, दोन ब्लेडं एकत्र धरून त्यात दोन बारीक रेघा ओढल्या आणि मागून लेझर लावला. भिंतीवर लाल ठिपक्यांची ओळ उमटली, मधेमधे काळी.

"दादा, दोन्ही रेघांतनं उजेडच येतोय. तरी मधी अंधार हाय."

त्यांनी त्या काळ्या जागेवर बोट टेकवलं. "दोन्हीकडनं उजेड, आन् हितं काळं?"

"व्हय. का ते सांगते." ती समजावू लागली. इतकं सोपं मी कधी शिकवलेलं नाही. वडील भिंतीकडे बघायचे थांबले होते, तिच्याकडेच बघत होते.

मग हळूच मला म्हणाले, "समद्यांना कळतं का हे?"

"मला तिच्या वयात कळलं नव्हतं," मी खरं ते सांगितलं.

"मंग औंदा माझ्या बहिनीला नेतो उसाला. हिला हितंच ऱ्हाऊ द्या."

मुलगी अजून भिंतीकडे तोंड करून समजावतच होती. तिला ते ऐकूच गेलं नव्हतं. मलाच सांगावं लागलं, तेही ओरडूनच.